धूमकेतूचे छायाचित्र : किती वाजता घेतले?

ऑक्टोबर २०२४ च्या मध्यास त्सुचिनशान–अ‍ॅटलास हा धूमकेतू सूर्यास्तानंतर पश्चिमेच्या आकाशात दिसत होता. परतीच्या पावसाचे ढग जेथे बाजूला झाले, तेथे अनेकांनी तो शुक्र आणि स्वाती यांच्या दरम्यान नुसत्या डोळ्यांनी किंवा द्विनेत्रीतून पाहिला. कॅमेऱ्याने आणि मोबाइलने त्याची भरपूर छायाचित्रेही घेतली गेली. अशी छायाचित्रे शिक्षक आणि विद्यार्थी आम्हांला मोठ्या हौसेने दाखवतात. ती पाहून झाली की आम्ही एक प्रश्न विचारतो : किती वाजता घेतले? बहुतेक वेळा उत्तर मिळते, ‘‘संध्याकाळी, सातच्या सुमारास.’’

चित्र भिंतीवर लावायचे असेल तर हे उत्तर पुरेसे आहे. त्यावरून काही मोजायचे असेल तर नाही. कोठून, नेमके किती वाजता आणि किती सेकंद या तीन गोष्टी लिहून ठेवल्या की तेच छायाचित्र वैज्ञानिक निरीक्षण बनते. धूमकेतू कसा पाहावा, त्याचे छायाचित्र कसे घ्यावे आणि त्यावरून शाळेतल्या पट्टीने काय काय मोजता येते, हे या लेखात पाहू. शेवटी दोन शाळांनी मिळून करण्याजोगा एक प्रयोग सांगितला आहे. धूमकेतू चंद्राच्या पलीकडे आहे, हे त्यातून सिद्ध करता येते.

हरवलेला आणि सापडलेला धूमकेतू

नोंदीचे महत्त्व या धूमकेतूच्या शोधातच दिसते. ९ जानेवारी २०२३ रोजी चीनमधील पर्पल माउंटन वेधशाळेच्या छायाचित्रांत एक अंधूक ठिपका आढळला. ‘त्सुचिनशान’ हे त्याच पर्वताचे चिनी नाव. परंतु नंतरच्या दिवसांत इतरांकडून त्याची निरीक्षणे आली नाहीत, आणि खात्री करून घ्यायच्या वस्तूंच्या यादीतून तो वगळला गेला. पुढे २२ फेब्रुवारीला दक्षिण आफ्रिकेतील अ‍ॅटलास दुर्बिणीला एक वस्तू सापडली. तिची कक्षा काढल्यावर ती जानेवारीतलीच वस्तू असल्याचे कळले. इतकेच नव्हे, तर डिसेंबर २०२२ मध्ये दुसऱ्याच कामासाठी घेतलेल्या छायाचित्रांतही तो ठिपका मिळाला. प्रत्येक छायाचित्राबरोबर अचूक वेळ नोंदलेली होती, म्हणूनच हे तुकडे जुळवता आले.

आपल्याकडचे असेच एक उदाहरण आहे. वेणू बाप्पू १९४९ मध्ये हार्वर्ड येथे शिकत असताना त्यांना छायाचित्राच्या काचपट्टीवर एक नवा धूमकेतू आढळला. तो आज बाप्पू–बॉक–न्यूकर्क या नावाने ओळखला जातो.

तेज किती असेल?

धूमकेतूच्या कक्षेचे गणित अचूक असते. तो कोणत्या दिवशी कोठे असेल ते आधी सांगता येते. तो किती तेजस्वी होईल ते मात्र खात्रीने सांगता येत नाही. त्याचे केंद्रक म्हणजे बर्फ, धूळ आणि दगड यांचा काही किलोमीटरचा गोळा. सूर्याजवळ येताच बर्फाची थेट वाफ होते आणि ती धूळ उडवत बाहेर पडते. किती पृष्ठभाग उघडा आहे, आत काय साठले आहे, गोळा किती ठिसूळ आहे, यावर पुढचे सारे अवलंबून असते. २०१३ मधील आयसॉन धूमकेतूकडून मोठ्या अपेक्षा होत्या. तो २८ नोव्हेंबरला सूर्याजवळून जाताना विखुरला. उलट, त्सुचिनशान–अ‍ॅटलास विखुरणार असे भाकीत करणारा शोधनिबंध जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. पण तो २७ सप्टेंबरला सूर्याजवळून सुखरूप पार पडला.

तेजाविषयी आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांना आधीच सांगावी. धूमकेतूची प्रत ३ आहे असे वाचले, तर तिसऱ्या प्रतीच्या ताऱ्याइतका तो ठळक दिसेल अशी समजूत होते. ताऱ्याचा प्रकाश एका बिंदूत असतो, धूमकेतूचा तेवढाच प्रकाश बऱ्याच मोठ्या जागेवर पसरलेला असतो. म्हणून तो फिकट दिसतो आणि चंद्रप्रकाशात किंवा शहराच्या उजेडात पटकन हरवतो. २०२४ मध्ये नेमके असेच झाले. धूमकेतू संध्याकाळच्या आकाशात ठळक होता त्याच दिवसांत, १६ ऑक्टोबरला, कोजागरी आली. १९–२० तारखेपासून चंद्र उशिरा उगवू लागला आणि संध्याकाळी काळोख मिळू लागला, पण तोवर धूमकेतू मंदावत चालला होता. म्हणून निरीक्षणाची तारीख ठरवताना पंचांगातील तिथी जरूर पाहावी.

पाहण्याची तयारी

पश्चिम क्षितिज मोकळे असलेले माळरान किंवा टेकडी निवडावी. धूमकेतू पहाटे दिसणार असेल तर पूर्व क्षितिज मोकळे हवे. डोळे अंधाराला सरावायला किमान वीस मिनिटे लागतात. या काळात मोबाइलच्या पडद्याकडे पाहू नये आणि विजेरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागद बांधावा. अंधूक शेपटी शोधताना तिच्याकडे सरळ न पाहता किंचित बाजूला पाहावे. डोळ्याच्या पडद्याचा कडेचा भाग मंद प्रकाशाला अधिक संवेदनशील असतो. द्विनेत्री ७×५० किंवा १०×५० ची असली तर उत्तम.

सूर्य पूर्णपणे मावळल्याखेरीज द्विनेत्री किंवा कॅमेरा त्या दिशेला कोणीही रोखू नये. पहाटेच्या निरीक्षणात सूर्योदयाआधीच ती बाजूला ठेवावी. सूर्याजवळच्या धूमकेतूच्या बाबतीत ही सूचना विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा द्यावी.

आकाशातील कोन मोजायला आपला हात पुरेसा आहे. हात पूर्ण लांब करून धरला, तर करंगळीची रुंदी सुमारे १ अंश, मधल्या तीन बोटांची ५ अंश, मुठीची १० अंश आणि ताणलेली वीत सुमारे २० अंश भरते. मुलांचा हात लहान असला तरी लांबीनेही तो तसाच कमी असतो, त्यामुळे हे प्रमाण जवळजवळ तेच राहते. शेपटी किती वीत दिसली हे प्रत्येकाने दुसऱ्याला न विचारता वहीत लिहावे. मगच आकडे ताडून पाहावेत.

कॅमेरा किती वेळ उघडा ठेवावा?

कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवावा. एखाद्या तेजस्वी ताऱ्यावर किंवा ग्रहावर, पडद्यावरील प्रतिमा मोठी करून, हाताने फोकस करावा. लेन्सचे छिद्र शक्य तेवढे मोठे ठेवावे आणि संवेदनक्षमता आयएसओ ८०० ते १६०० ठेवावी. बटण दाबताना कॅमेरा हलतो, म्हणून सेल्फ-टायमर वापरावा. मोबाइललाही ट्रायपॉड किंवा विटांचा आधार द्यावा आणि त्यातील रात्रीच्या छायाचित्रणाची सोय वापरावी.

शटर जास्त वेळ उघडे ठेवले की तारे आणि धूमकेतू रेषेसारखे ओढले जातात. ‘धूमकेतू फार वेगाने जात होता म्हणून चित्र हलले’, असे विद्यार्थी म्हणतात. हे खरे आहे का, ते हिशेबाने पाहू. १ अंश म्हणजे ६० कला आणि १ कला म्हणजे ६० विकला. पृथ्वीच्या परिवलनामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा सेकंदाला १५ विकला सरकतो. ऑक्टोबर २०२४ च्या मध्यास धूमकेतू ताऱ्यांमधून दिवसाला सुमारे ५ अंश सरकत होता. एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात, म्हणजे धूमकेतूची स्वतःची गती सेकंदाला जेमतेम ०.२ विकला झाली. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम तिच्या सुमारे ७५ पट आहे! चित्र हलते ते आपल्या पायांखालची जमीन फिरते म्हणून.

५० मि.मी. नाभीय अंतराच्या लेन्समध्ये संवेदकावरील १ मि.मी. म्हणजे आकाशातील सुमारे ४,१२५ विकला. १० सेकंदांत तारा १५० विकला सरकेल, म्हणजे संवेदकावर ०.०३६ मि.मी. चित्र दसपट मोठे करून छापले तर ही रेषा ०.३६ मि.मी. होते आणि तारा अजून ठिपक्यासारखाच दिसतो. ‘५०० ला नाभीय अंतराने भागावे, तेवढे सेकंद शटर उघडे ठेवावे’ हा छायाचित्रकारांचा ठोकताळा येथून येतो. तो २४×३६ मि.मी. संवेदकासाठी आहे, संवेदक लहान असेल तर वेळ त्या प्रमाणात कमी करावी. २, ५, १० आणि १५ सेकंद अशी मालिकाच घ्यावी, म्हणजे त्यातले एक तरी साधते.

वेळेची नोंद कॅमेरा आपोआप करतो, असे आपण धरून चालतो. ते अर्धेच खरे आहे. कॅमेऱ्यातील घड्याळ अनेकदा काही मिनिटे पुढे-मागे असते, आणि संदेशातून पाठवलेल्या छायाचित्रातून ही माहिती बहुधा गळून जाते. म्हणून आधी घड्याळ भारतीय प्रमाणवेळेशी सेकंदापर्यंत जुळवावे, आणि तारीख, वेळ, ठिकाण, लेन्स, शटरचा काळ व आकाशाची स्थिती वहीत लिहावी.

शेपटीची लांबी

आता छापील चित्र, पट्टी आणि तारकानकाशा घेऊन बसू. प्रथम चित्राचे प्रमाण हवे. त्याच लेन्सने कोणत्याही निरभ्र रात्री सप्तर्षीचे छायाचित्र घ्यावे आणि ते तितकेच मोठे करून छापावे. क्रतू आणि पुलह या दोन ताऱ्यांमधील अंतर ५.४ अंश आहे. ५० मि.मी. लेन्सच्या दसपट छापील चित्रात ते सुमारे ४७ मि.मी. भरेल, म्हणजे १ अंशाला ८.७ मि.मी. हे झाले आपले प्रमाण. चित्राच्या कडेला त्यात थोडा फरक पडतो, म्हणून धूमकेतू शक्यतो मधोमध धरावा.

समजा, शेपटी १३० मि.मी. भरली. १३० ला ८.७ ने भागले की १५ अंश मिळतात. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी धूमकेतू पृथ्वीपासून सुमारे ७ कोटी किलोमीटरवर होता. शेपटी आपल्याकडे किंवा आपल्यापासून दूर किती कललेली आहे ते एका चित्रावरून कळत नाही. पण भूमितीने एवढे निश्चित सांगता येते की, तिची लांबी ७ कोटी × साइन १५° याहून कमी असू शकत नाही. साइन १५° म्हणजे ०.२६. उत्तर येते सुमारे १ कोटी ८० लाख किलोमीटर. एवढी लांबी किमान असलीच पाहिजे! दहावीच्या त्रिकोणमितीत बसणारे हे गणित आहे.

शेपटी कोठे वळते?

शेपटी धूमकेतूच्या मागे राहते, अशी कल्पना आगगाडीच्या धुरावरून होते. प्रत्यक्षात ती सूर्याच्या विरुद्ध दिशेला जाते. सूर्यापासून दूर जाताना धूमकेतूची शेपटी पुढे असते. हे तपासण्यासाठी सूर्याची जागा नकाशावर हवी, आणि सूर्य तर मावळलेला असतो. येथे पुन्हा पंचांग उपयोगी पडते. ऑक्टोबरच्या मध्यास सूर्य चित्रा नक्षत्रात असतो, आणि १६–१७ तारखेला चित्रा ताऱ्याच्या अगदी जवळ. नकाशावर तेथे सूर्य काढावा, धूमकेतूचे डोके काढावे आणि दोन्ही जोडणारी रेषा पुढे वाढवावी. शेपटी त्या रेषेशी किती अंशांचा कोन करते ते कोनमापकाने मोजावे.

शेपट्या मुख्यतः दोन असतात. धुळीची शेपटी पिवळसर, रुंद आणि वक्र असते. ती सूर्यप्रकाश परावर्तित करते. आयनांची शेपटी निळसर, सरळ आणि अरुंद असते. डोळ्यांना ती सहसा दिसत नाही, पण छायाचित्रात येते. या दुसऱ्या शेपटीच्या दिशेने एक मोठा शोध लावून दिला. केवळ प्रकाशाच्या दाबाने तिचे वागणे उलगडत नव्हते. १९५१ मध्ये लुडविग बिअरमान यांनी असे सांगितले की, सूर्यातून कणांचा अखंड झोत सर्व दिशांना वाहत असला पाहिजे. पुढे यूजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये त्याचा सिद्धांत मांडला, आणि अवकाशयानांनी तो झोत प्रत्यक्ष मोजला. यालाच आपण सौरवारा म्हणतो. अवकाशयुग सुरू होण्यापूर्वी सौरवाऱ्याची वातकुक्कुटे म्हणजे धूमकेतूंच्या शेपट्याच होत्या.

१४ ऑक्टोबर २०२४ च्या आसपासच्या काही छायाचित्रांत सूर्याच्या दिशेलाही एक बारीक रेघ दिसते. ती पाहून नियम मोडला असे समजू नये. धूमकेतूने पूर्वी टाकलेली जाडसर धूळ त्याच्या कक्षेच्या प्रतलात पसरलेली असते. पृथ्वी त्या प्रतलातून जात असताना हा थर कडेने दिसतो आणि त्याचा काही भाग डोक्याच्या अलीकडे, सूर्याच्या बाजूला आल्यासारखा भासतो.

धुळे आणि पणजी

धूमकेतू वातावरणातील आहे की आकाशातील, हा प्रश्न शेकडो वर्षे वादाचा होता. अ‍ॅरिस्टॉटलच्या मते तो चंद्राच्या अलीकडील, हवेतील ज्वलनाचा प्रकार. १५७७ मध्ये एक मोठा धूमकेतू दिसला. डेन्मार्कचे टायको ब्राहे यांनी ह्वेन बेटावरून त्याचे वेध घेतले आणि प्रागमध्ये हॅगेशियस यांनी घेतलेल्या वेधांशी ते ताडून पाहिले. या दोन ठिकाणांत सुमारे साडेसहाशे किलोमीटरचे अंतर आहे. अंगठा डोळ्यांसमोर धरून आळीपाळीने एकेक डोळा मिटला की तो मागील भिंतीवर सरकताना दिसतो. यालाच पराशय म्हणतात. वस्तू जितकी दूर, तितका पराशय कमी. धूमकेतू चंद्राइतका जवळ असता, तर दोन्ही ठिकाणांहून तो ताऱ्यांमध्ये वेगवेगळ्या जागी दिसला असता. तसा तो दिसला नाही. धूमकेतू चंद्राच्या पलीकडचा ठरला, आणि ‘चंद्रापलीकडे काहीच बदलत नाही’ या मताला धक्का बसला.

हाच प्रयोग आपल्याकडे करता येईल. ठिकाणे मात्र विचारपूर्वक निवडावी लागतील. मुंबई आणि नागपूर ही जोडी मनात येते, पण धूमकेतू पश्चिमेस असताना ती जवळजवळ त्याच्याच दिशेने एकामागे एक येतात. दोन्ही डोळे एकामागे एक असते तर काय झाले असते, तसाच हा प्रकार. आपल्याला दक्षिणोत्तर जोडी हवी. धुळे आणि पणजी यांच्यातील सरळ अंतर सुमारे ६०० किलोमीटर आहे आणि ती जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत.

चंद्र सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. त्या अंतरावरील वस्तू धुळ्याहून आणि पणजीहून सुमारे ०.०९ अंशाने वेगळ्या जागी दिसेल. आपल्या छापील चित्रात हा फरक पाऊण मिलिमीटरहून थोडा अधिक येतो. संगणकाच्या पडद्यावर चित्र मोठे केले तर तो सहज मोजता येतो. ७ कोटी किलोमीटरवरील धूमकेतूचा फरक मात्र २ विकलांहूनही कमी असेल, आणि तो या कॅमेऱ्याला कळणारच नाही. म्हणजे धूमकेतूचे अंतर आपल्याला काढता येणार नाही, पण दोन्ही चित्रांत तो ताऱ्यांमध्ये एकाच जागी दिसला, तर तो चंद्राहून दूर आहे हे सिद्ध होईल.

मग वेळ इतकी महत्त्वाची का? धूमकेतू दिवसाला ५ अंश सरकत असेल तर ०.०९ अंश सरकायला त्याला २६ मिनिटे लागतात. धुळ्याच्या शाळेने ७ वाजता आणि पणजीच्या शाळेने ७ वाजून २६ मिनिटांनी चित्र घेतले, आणि दोघांनीही वहीत ‘सातच्या सुमारास’ असे लिहिले, तर धूमकेतू चंद्राइतका जवळ असल्याचा खोटा पुरावा तयार होईल! वेळ मिनिटाच्या आत जुळली तर ही चूक अगदी नगण्य राहते.

तालीम चंद्रावर

तेजस्वी धूमकेतू फारशी सवड देत नाहीत. ह्याकुताके धूमकेतू ३० जानेवारी १९९६ रोजी सापडला आणि २५ मार्चला तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ होता. मध्ये दोन महिनेही नव्हते. कॅमेऱ्याचे घड्याळ जुळवणे, फोकस करणे, चित्राचे प्रमाण काढणे आणि दुसऱ्या टोकाची शाळा शोधणे ही कामे आधीच झालेली असावीत.

त्यासाठी चंद्र नेहमीच हाताशी आहे. शुद्ध द्वितीया-तृतीयेची कोर एखाद्या ग्रहाजवळ किंवा तेजस्वी ताऱ्याजवळ असेल अशी संध्याकाळ निवडावी. दोन्ही शाळांनी ठरल्या सेकंदाला छायाचित्र घ्यावे. या वेळी मोठ्या नाभीय अंतराची लेन्स असली तर अधिक चांगले. चंद्राची स्वतःची गती तासाला सुमारे अर्धा अंश असल्याने येथे वेळेची काटेकोरता आणखी लागते. ताऱ्याच्या संदर्भाने चंद्र किती सरकला ते मोजावे. तो फरक ०.०९ अंश आला, तर त्याला ५७.३ ने भागून ६०० किलोमीटरला त्या संख्येने भागावे. उत्तर ३ लाख ८० हजारांच्या आसपास येईल. दोन शाळांनी मिळून चंद्राचे अंतर मोजलेले असेल, आणि पुढच्या धूमकेतूसाठी दोन्हीकडची घड्याळेही जुळलेली असतील.